दोघांची शिडाची होडी पुन्हा पाण्यात कशी उतरवावी

एंटरप्राइझ ही दोघांनी चालवायची होडी. लांबी चार मीटरच्या जरा वर, वजन नव्वदेक किलो, दोन निळी शिडं. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये तिचा आराखडा केला. नौदलात असताना मी शिडाचा पहिला धडा हिच्यातच घेतला, तोही पुढच्या जागेवर बसून. आता क्लबात गेलं की किनाऱ्यावर लेझर नावाच्या होड्यांची रांग दिसते आणि एंटरप्राइझ शेडमागं उपड्या पडलेल्या असतात. लेझरला एकच माणूस पुरतो, ती फायबरची असते, अंगानं ५९ किलोची, आणि दहा-पंधरा मिनिटांत पाण्यात जाते. दोघांच्या होडीला आधी दोघांची सुट्टी एका दिवशी जुळवावी लागते आणि वरून लाकडाची निगा. म्हणून ती मागं पडली. ती वाईट आहे म्हणून नव्हे.

माझी होडी अशाच एका शेडमागून आणली. टेम्पोच्या टपावर डोलकाठी बांधून ती कोल्हापूरला आली, उद्यमनगरातल्या, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वस्तीतल्या, मित्राच्या शेडात तीन उन्हाळे राहिली. तुम्हालाही अशी होडी मिळाली तर पैसे देण्याआधी एक करा. तळावर बोटाच्या पेरानं ठकठक करत पुढून मागं जा. चांगलं प्लाय टणक वाजतं. जिथं आवाज बसका येतो तिथं आतले थर सुटलेत. तिथं टोच्या दाबून बघा. सहज घुसला तर तेवढा तुकडा कापायचाच. हाताच्या पंजाएवढे दोन-तीन डाग असतील तर होडी घ्या. सगळा कणाच बसका वाजत असेल तर फक्त शिडं आणि डोलकाठी मागा.

गळती शोधायला होडी दोन जुन्या टायरांवर ठेवा, सेंटरबोर्डच्या (होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून खाली सोडायच्या फळीच्या) पेटीभोवती आतून चार बादल्या पाणी ओता आणि खाली आडवं होऊन बघा. जुन्या होडीत पहिला थेंब बहुतेक त्या पेटीच्या तळसांध्यातूनच येतो. तिथं पेन्सिलीनं खूण करा. हवेच्या टाक्या (उलटली तरी होडी तरंगावी म्हणून असलेले बंद कप्पे) तपासायला सांध्यांना साबणाचं पाणी लावा, बुचाच्या भोकात नळी घाला आणि तोंडानं फुंका. कॉम्प्रेसर अजिबात लावू नका, टाकीचं झाकणच उचकटेल.

मग वाळू द्या. सावलीत, वारं खेळेल अशा जागी. भर उन्हात ठेवली तर चांगले थरही उकलतात.

तुकडा घालायला ७१० मार्काचं मरीन प्लाय मागा. साधं वॉटरप्रूफ म्हणून जे देतात ते चालत नाही. जोड तिरपा घ्यायचा, जाडीच्या आठपट. म्हणजे ६ मिमी प्लायला ४८ मिमीचा उतार. आमच्या सुतारकाकांनी पहिल्यांदा एवढा लांब उतार ऐकून मान हलवली होती, पण रंधा मारून असा जोड दिला की रंगाखाली आता मलाही सापडत नाही. एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा चिकट गोंद, डब्यावरच्या मापानंच कालवा, अंदाजानं नको. एप्रिलात खोल कपात जास्त कालवलं की ते तापून धूर सोडतं. पसरट ताटलीत थोडं थोडं घ्या. सांधे भरायला त्यातच लाकडाचा बारीक भुसा मिसळा. आणि जून लागला की काम बंद. इथल्या पावसाळी दमटपणात एपॉक्सीवर चिकट साय येते आणि त्यावर रंग धरत नाही.

सुकाणूच्या बिजागऱ्या बाजारात मिळाल्या नाहीत, तर जुनी नमुन्याला देऊन उद्यमनगरात स्टेनलेसच्या करून घेतल्या. कोल्हापूरकराला याबाबतीत काळजी नाही.

आता खरं काम, दुसरा माणूस. माझी क्रू म्हणजे माझी भाची. पहिल्या दिवशी रंकाळ्यावर परवानगी काढून, लाइफ जॅकेट घालून, काठाला दुसरी होडी मदतीला ठेवून आम्ही मुद्दाम उलटलो. हे सगळ्यांनी आधी करावं. होडी आडवी झाली की दोन्ही शिडांच्या, पुढच्या छोट्या जिबच्या आणि मोठ्या मेनच्या, दोऱ्या मोकळ्या सोडा. एकानं पाण्यातच, होडीच्या आतल्या बाजूनं, सेंटरबोर्डच्या पेटीशी आडवं तरंगायचं. दुसऱ्यानं मागून वळसा घालून बाहेर जायचं, आतल्यानं वरून टाकलेली जिबची दोरी धरायची आणि सेंटरबोर्डवर उभं राहून मागं रेलायचं. होडी उभी होते तेव्हा आतला माणूस तिच्यात आपोआप उचलला जातो.

“मामा, रेलू का?”

“थांब, मेन सुटलीय का बघतो. हां, रेल!”

होडी वर आली ती पाण्यानं भरलेली. पाणी उपसायची बादली दोरीनं बांधलेली नव्हती, ती संध्यामठाच्या दिशेनं वाहत गेली. बादली बांधा.

होळीनंतर दुपारी इथं पश्चिमेचा वारा उठतो. तळ्याकाठच्या शालिनी पॅलेसच्या झाडांआड तो मरतो आणि झाडी संपली की एकदम अंगावर येतो. तिथं पुढच्यानं जिबची दोरी हातातच ठेवायची, क्लीटमध्ये, म्हणजे दोरी पकडून ठेवणाऱ्या चिमट्यात, अडकवायची नाही. मागच्यानं मेनचं तेच. होडी अचानक जड वाटली तर सुकाणूला केंदाळ अडकलंय, सुकाणू उचलून झटका.

क्लबवाल्यांना एवढंच सांगेन: नवख्याला पहिले दोन-तीन महिने जाणत्याच्या पुढं बसवा, मग जागा बदला. पुढं बसणाऱ्याला वारा जिबच्या कडेवर दिसतो, आणि बोलायची सवय लागते. मिश्र शर्यतीत वेळेला हजारानं गुणून होडीच्या यार्डस्टिक आकड्यानं, म्हणजे तिच्या जातीच्या वेगावरून ठरवलेल्या आकड्यानं, भागा. संथ होडीचा आकडा मोठा, त्यामुळं जुन्या होडीलाही जिंकण्याची खरी संधी राहते. नुसत्या आधी पोचण्यावर निकाल लावला तर दोघं पुढच्या रविवारी येणारच नाहीत.

घरी आणल्यावर साध्या पाण्यानं धुवा, शिडं सावलीत वाळवून गुंडाळा, घडी नको. आणि टाक्यांची बुचं उघडी ठेवा. माझ्या होडीची बुचं वर्षानुवर्षं घट्ट बंद होती. काढली तेव्हा आतलं प्लाय काळं पडलं होतं, आणि पहिला तुकडा तिथलाच कापावा लागला.