आरोप झालेल्या गायकावरचा माहितीपट कसा पाहावा: एका संकलकाची पद्धत

मी माहितीपटांचं संकलन करतो. त्यामुळे वादग्रस्त गायकावरचा माहितीपट हाती आला की मी तो शेवटाकडून उघडतो. नावांची यादी धावायला लागते तिथे जायचं, पॉज करत करत वाचायचं. कार्यकारी निर्माता कोण आहे? गायक स्वतः, त्याचा मॅनेजर, रेकॉर्ड कंपनी, की त्याच्यामागे त्याची मालमत्ता सांभाळणारी इस्टेट? यांतलं एक जरी नाव दिसलं, तरी आरोपांना किती जागा मिळणार याचा बराचसा अंदाज तिथेच येतो.

पण उलट बाजूही तपासायची. अमेरिकन रॅपर शॉन कोम्ब्सवरच्या ‘द रेकनिंग’ या २०२५च्या मालिकेचा कार्यकारी निर्माता आहे दुसरा रॅपर फिफ्टी सेंट, आणि या दोघांचं वैर जगजाहीर आहे. म्हणून त्यातले जबाब खोटे ठरत नाहीत. फक्त कुठला प्रसंग किती ताणलाय हे बघताना ते वैर लक्षात ठेवायचं.

यानंतर खरं काम: गाण्यांकडे लक्ष द्या. एखादं गाणं फिल्ममध्ये वापरायचं तर दोन परवानग्या लागतात, एक रचनेची आणि दुसरी ध्वनिमुद्रणाची. दोन्हींच्या चाव्या बहुतेकदा गायकाकडे, त्याच्या कंपनीकडे किंवा इस्टेटीकडे असतात. चावीवाला साहजिकच विचारतो, ‘फिल्ममध्ये आमच्याबद्दल काय म्हणताय?’ परवानगी नसेल तर अमेरिकेत ‘फेअर यूज’चा आधार घेऊन, भाष्यासाठी लागेल तेवढा तुकडा वापरता येतो. मग एडिट रूममध्ये वकील येतो आणि सेकंदा-सेकंदावर घासाघीस चालते. म्हणून, मुखडा-अंतरा पूर्ण वाजत असेल आणि घरातलं कधीच न पाहिलेलं फुटेज दिसत असेल, तर समजा की दार आतून उघडलेलं आहे.

मायकल जॅक्सनचं उदाहरण घ्या. स्पाइक लीचा ‘बॅड २५’ (२०१२) त्याच्या गाण्यांनी भरलेला आहे. तिथे विषय एका अल्बमच्या निर्मितीचा. डॅन रीडचा ‘लीव्हिंग नेव्हरलँड’ (२०१९) जवळजवळ चार तासांचा, पण जॅक्सनचं संगीत त्यात नावापुरतं. पार्श्वसंगीत वेगळं रचून घेतलंय आणि कॅमेरा, लहानपणी जॅक्सनने लैंगिक शोषण केल्याचा आरोप करणाऱ्या दोन माणसांच्या चेहऱ्यांवर बराच वेळ स्थिर आहे. इस्टेटीने आरोप फेटाळले आणि दाखवणाऱ्या वाहिनीला, एचबीओला, १९९२च्या एका जुन्या कराराचा हवाला देऊन कोर्टात खेचलं.

कधी कधी तर फिल्मच दिसत नाही. दिग्दर्शक एझ्रा एडेलमनने गायक प्रिन्सवर केलेला सुमारे नऊ तासांचा माहितीपट तयार होता. इस्टेटीने आक्षेप घेतले, आणि २०२५मध्ये तो प्रदर्शित होणार नाही असं जाहीर झालं. प्रिन्सबद्दल पुढे जे काही येईल, ते पाहताना हे ठाऊक असलेलं बरं.

गाणी ऐकू येतात म्हणून फिल्म गायकाच्या बाजूची, असं मात्र पटकन ठरवू नका. विक्रम जयंतीने फिल स्पेक्टर या संगीत-निर्मात्यावर केलेल्या फिल्ममध्ये खुनाच्या खटल्याच्या चित्रणावर त्याच्याच गाण्यांचे लांब तुकडे चढवलेत. गाणी इतकी देखणी की आरोपीच्या पिंजऱ्यातल्या माणसाबद्दल गळा दाटून यावा. अशा ठिकाणी मी आवाज बंद करून तोच प्रसंग पुन्हा बघतो. तुम्हीही करून बघा. संगीत काढल्यावर जे उरतं, तेवढंच दृश्याने सांगितलेलं असतं. बाकी कारागिरी आमची.

आता घड्याळ. आरोपांचा पहिला उल्लेख कितव्या मिनिटाला येतो ते टिपा. एक ठरलेला साचा आहे: बालपण, संघर्ष, शिखर, मग शेवटच्या टप्प्यात काही मिनिटांची ‘पडझड’ आणि लगेच खच्चून भरलेलं स्टेडियम. त्या काही मिनिटांत बोलतं कोण? आरोप करणारी व्यक्ती, की गायकाचा ड्रमर? ‘आमच्यासाठी तो फार कठीण काळ होता’ हे वाक्य आलं की मी वहीत फुली मारतो.

जबाब ऐकताना चेहऱ्यावरून नजर हलवू नका. बोलता बोलता चेहरा जाऊन खिडकी, रस्ता, जुना फोटो आला, तर त्या दृश्याखाली दोन वेगळी वाक्यं जोडलेली असू शकतात. त्यात लबाडीच असेल असं नाही, लांबण कापायलाही आम्ही तेच करतो. पण आरोपाचं मुख्य वाक्य अखंड, चेहऱ्यासकट मिळालं तर त्याचं वजन जास्त. आणि स्वतःला अडचणीची गोष्ट फिल्म स्वतःहून काढते का? ‘लीव्हिंग नेव्हरलँड’मधल्या एकाने २००५च्या खटल्यात जॅक्सनच्या बाजूने साक्ष दिली होती आणि त्या खटल्यात जॅक्सन निर्दोष सुटला होता. फिल्म ती साक्ष लपवत नाही, त्याच्याच तोंडून तिचा खुलासा घेते. तो पटतो की नाही, ते तुम्ही ठरवा.

शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांतली पाटी येते. बहुतेक लोक तोवर उठलेले असतात. ‘आरोप नाकारले’, ‘प्रतिसाद दिला नाही’, ‘तडजोड झाली’, ‘दोषी ठरवलं’ या चार अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पाटीवरची तारीख बघा आणि पुढे काय झालं ते शोधा. गायक आर. केलीवरच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांची मालिका ‘सर्व्हायव्हिंग आर. केली’ जानेवारी २०१९मध्ये आली तेव्हा त्याच्या नावावर २००८ची निर्दोष मुक्तता होती. मालिकेनंतर शिकागोच्या सरकारी वकिलांनी पीडितांना पुढे येण्याचं जाहीर आवाहन केलं आणि फेब्रुवारीत आरोप दाखल झाले. सप्टेंबर २०२१मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात तो दोषी ठरला, २०२२मध्ये ३० वर्षांची शिक्षा झाली. आज ती मालिका पहिल्यांदा बघणाऱ्याला हे वेगळं वाचावंच लागेल. उलट कोम्ब्सला ज्यूरीने २०२५मध्ये सर्वांत गंभीर आरोपांतून मुक्त केलं आणि वेश्याव्यवसायासाठी लोकांना प्रवास घडवल्याच्या दोन आरोपांत दोषी धरलं. ‘सुटला’ आणि ‘अडकला’ ही दोन्ही वर्णनं तिथे अर्धवट.

वेळ असेल तर एकाच माणसावरचे दोन माहितीपट जोडीने बघा. स्पेक्टरवर २०२२मध्ये ‘स्पेक्टर’ नावाची चार भागांची मालिका आली. २००३मध्ये त्याच्या घरात मारली गेलेली लाना क्लार्कसन तिथे नुसती बळी नाही. तिची अभिनयातली धडपड, तिचं काम, तिची माणसं, सगळ्याला जागा दिलीय. आधी जयंतीची फिल्म, नंतर ही. उलट क्रमाने पाहिलीत तर जयंतीच्या फिल्ममधली गाणी तुम्हाला नीट ऐकूच येणार नाहीत.