सफेद मुसळी घेताय? या चुका टाळा

मुसळीचं चूर्ण घेतल्यावर तासाभरात 'फरक' जाणवला, तर खूश होऊ नका, डबा बाजूला ठेवा. झाडाची मुळी इतक्या झटपट काम करत नाही. ताकदीच्या 'शुद्ध आयुर्वेदिक' गोळ्या-चूर्णांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, गुपचूप मिसळल्याचं वेळोवेळी उघड झालंय. छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या पोटात ते नकळत गेलं, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. लेबलवर नावच नाही, मग डॉक्टरला तरी कसं कळणार? लैंगिक ताकद वाढवण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी त्या दिसतात, तो भाग वेगळा.

दुसरी गडबड दुकानात होते. सफेद मुसळी आपल्याकडचीच. शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिॲनम, बोरिवलीवरून पडलेलं. पावसाळ्यात आपण फोडशीची भाजी खातो, ती याच कुळातली. काळी मुसळी मात्र निराळी वनस्पती, एकीच्या जागी दुसरी चालत नाही. तयार चुर्णात स्वस्त शतावरी मिसळली तर डोळ्यांना कळत नाही. म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातून सोललेल्या, वाळलेल्या अख्ख्या मुळ्या आणा आणि घरी दळा. बुरशी दिसली तर घेऊ नका.

मात्रा साधारण ३ ते ६ ग्रॅम, दुधातून, तीही वैद्याला विचारून. मुसळी पचायला जड. भूक मंद आणि पोट साफ नसताना चमचे वाढवले, तर ताकद राहिली बाजूला, पोट मात्र गच्च होतं. वाजीकरणाआधी, म्हणजे लैंगिक ताकद वाढवण्याच्या उपचाराआधी, शरीरशुद्धी करा, असं आयुर्वेद उगाच सांगत नाही.

सगळ्यात महागात पडते ती लपवाछपवी. ताठरता कमी होणं ही कधीकधी मधुमेहाची किंवा हृदयविकाराची आगाऊ सूचना असते, कारण तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आधी तपासा. रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनीही ही तक्रार सुरू होते. मुसळीवरचे बरेचसे प्रयोग उंदरांवर झालेत, तेव्हा तिच्या भरवशावर डॉक्टरकडे जाणं लांबवू नका.

मूल होत नाही म्हणून घेत असाल, तर सुरू करण्याआधीच वीर्यतपासणी करून घ्या, आणि पत्नीचीही तपासणी सोबतच होऊ द्या. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात; पंधरा दिवसांनी पुन्हा रिपोर्ट काढून काहीच कळणार नाही.