घड्याळ दुरुस्तीची हत्यारं घेताना या चुका टाळा

बाबांना वागळे इस्टेटमधल्या कंपनीने पंचवीस वर्षं नोकरी झाल्यावर एचएमटी जनता हे चावीचं मनगटी घड्याळ दिलं होतं. ते बंद पडलं तेव्हा मी ठरवलं, आपणच उघडून बघायचं. त्याच रात्री ऑनलाइन एक संच मागवला. दीडशेच्या आसपास नग, किंमत साडेपाचशे रुपये. पेटी आल्यावर मोजून पाहिलं, तर शंभराहून जास्त नग म्हणजे पट्ट्याच्या पिना होत्या. एकेक पिन एकेक नग म्हणून धरलेली. उरलेल्यात पाच स्क्रूड्रायव्हर. त्यातल्या एकाचं टोक पहिल्याच स्क्रूवर वळलं, घसरलं आणि मशीनच्या ब्रिजवर, म्हणजे चाकं वरून धरणाऱ्या धातूच्या पट्टीवर, आडवा ओरखडा ओढून गेलं. तो ओरखडा अजून आहे. भिंग लावलं की सगळ्यात आधी तोच दिसतो.

तुमच्या घड्याळावर तसा ओरखडा पडू नये म्हणून हे लिहिते आहे. हौशी माणसाकडे पैसे मोजकेच असतात आणि ते दीडशे नगांत वाटले गेले की एकही नग धड येत नाही. स्क्रूच्या खाचेला भिडतं ते, हेअरस्प्रिंगजवळ (घड्याळातल्या केसासारख्या बारीक गुंडाळीजवळ) जातं ते, आणि डोळ्याला लागतं ते, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, चिमटा आणि भिंग. या तिघांवर पैसे घाला. बाकीचं स्वस्तातलं चालतं, काही तर घरातलंच चालतं.

नवा स्क्रूड्रायव्हर तयारच असतो असं समजणं

ठाणे स्टेशनजवळ एका जिन्याखाली बसणाऱ्या घड्याळजी काकांकडे मी ती जनता घेऊन गेले. त्यांनी ओरखडा पाहिला आणि काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "तुमचा ड्रायव्हर बघू." आयग्लास डोळ्याला लावून त्यांनी टोक बघितलं, मग मला बघायला दिलं. टोक सुरीसारखं निमुळतं होतं. असं टोक खाचेच्या तळाला टेकतं, पण खाचेच्या दोन्ही भिंतींना धरत नाही. जोर दिला की वर चढतं आणि निसटतं. काकांनी बारीक दगडावर तेलाचा थेंब टाकला, ड्रायव्हर तिरका धरून एका बाजूने चार-पाच वेळा ओढला, मग दुसऱ्या बाजूने तितकाच, आणि शेवटी उभा धरून अगदी टोक जरासं घासलं. आता टोकाला बारीक सपाट कड आली होती. त्याच साडेपाचशेच्या संचातल्या ड्रायव्हरने पुढचा स्क्रू न घसरता निघाला.

तेव्हा स्वस्त ड्रायव्हर घेतला तरी हरकत नाही, पण सोबत धार लावायचं काहीतरी हवंच. दगड नसेल तर जाड काचेवर हजार-बाराशे नंबरचा वॉटर पेपर चिकटवा. टोकाची रुंदी स्क्रूच्या डोक्याइतकी किंवा किंचित कमी असावी. जास्त असेल तर बाजूचा ब्रिज खरवडला जातो, फार कमी असेल तर खाच फाटते. मनगटी घड्याळांच्या बहुतेक कामाला 0.8, 1.0, 1.2, 1.4 आणि 1.6 मिलिमीटर हे पाच पुरतात. विकत घेताना एकच बघा: पातं बदलता येतं का? पातं बदलता येणारा साधा ड्रायव्हर वर्षानुवर्षं टिकतो. मुठीच्या वरची टोपी बोटाखाली मोकळी फिरली पाहिजे. ती अडकत असेल तर बोटाचा दाब सरळ खाली जात नाही.

चिमटा हातात न घेता मागवणं

चिमटा शक्यतो दुकानात जाऊन घ्या. उजेडासमोर धरून अगदी हलकेच मिटा. दोन्ही टोकं सर्वात पुढे, एकमेकांवर नेमकी टेकली पाहिजेत. मग जरा जोराने दाबा. टोकं पुन्हा फाकत असतील तर पोलाद मऊ आहे, तो चिमटा ठेवून द्या. शेवटची परीक्षा केसाची. टेबलावर पडलेला एक केस उचलून पाहा. उचलला गेला तर चिमटा कामाचा.

स्विस ड्युमाँचे चिमटे महाग आहेत, पण एकच घ्यायचा असेल तर मी तोच घेईन, तीन नंबरचा. टोकं बारीक, तरी पाच नंबरइतकी नाजूक नाहीत. पाच नंबर हेअरस्प्रिंगसाठी असतो. सुरुवातीला त्याने स्क्रू उचलायला गेलात तर टोकं वाकतील आणि स्क्रू टिचकी मारल्यासारखा उडेल. सेल बदलायला वेगळा प्लास्टिकचा चिमटा ठेवा. धातूच्या चिमट्याने सेल दोन्ही बाजूंनी धरला की तो शॉर्ट होतो आणि नवा सेल हातातच उतरायला लागतो.

सेलचाच विषय निघाला म्हणून. लेडीज घड्याळांत बरेचदा 377 नंबरचा सेल लागतो, त्याचंच दुसरं नाव एसआर626एसडब्ल्यू. तो सिल्व्हर ऑक्साइडचा, 1.55 व्होल्टचा. त्याच मापाचा एजी4 नावाचा अल्कलाइन सेल स्वस्तात मिळतो. तो घालू नका. त्याचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो आणि संपल्यावर तो गळण्याचा धोका जास्त. गळलेलं रसायन सर्किट खातं. सेल काढताना ड्रायव्हर घसरून शेजारच्या कॉइलला लागला तर तिची केसाहून बारीक तार तुटते आणि मशीन गेलंच म्हणून समजा. डिजिटल घड्याळात नवा सेल घातल्यावर पडदा कोराच राहिला किंवा भलतेच आकडे आले तर घाबरू नका. बऱ्याच घड्याळांत आत "AC" असं लिहिलेली एक जागा असते. ती आणि सेलची अधिक बाजू धातूच्या चिमट्याने दोन सेकंद जोडा.

भिंगाच्या खोक्यावरच्या आकड्यावर जाणं

खोक्यावर "20 पट", "30 पट" छापलेलं असतं. घरी सहज तपासता येतं. वर्तमानपत्रातलं अक्षर भिंगातून स्वच्छ दिसेल तेवढ्या अंतरावर धरा आणि ते अंतर मोजा. 25 ला त्या सेंटिमीटरच्या आकड्याने भागा, आले तितके पट. पाच सेंटिमीटर असेल तर पाच पट. दहा पटीचं भिंग अडीच सेंटिमीटरवर धरावं लागतं. त्यात ड्रायव्हर घालायला जागाच उरत नाही. म्हणून काम करायला चार किंवा पाच पटीचं आणि तपासायला दहा पटीचं, अशी दोन घ्या. डोक्याला अडकवायची तार मिळते, ती घ्याच. डोळ्याच्या खोबणीत भिंग धरून तासभर काम केलं की चेहरा आखडतो. पावसाळ्यात काचेवर वाफही धरते, त्यासाठी बाजूला भोकं असलेलं भिंग निवडा.

झाकण न ओळखता उघडणं

दाबून बसणारं झाकण, फिरवून बसणारं आणि चार स्क्रूंचं, असे तीन प्रकार. दाबून बसणाऱ्याच्या कडेला कुठेतरी बारीकशी खाच किंवा ओठ असतो. आधी भिंगाने तो शोधा, मग त्यातच बोथट पातं घाला. भाजीची सुरी नको. फिरवायच्या झाकणासाठी जबड्यांची पकड घ्यायच्या आधी रबरी चेंडू वापरून बघा. बरीच झाकणं त्यानेच सुटतात आणि घसरला तरी ओरखडा पडत नाही. चेंडूही नसेल तर डक्ट टेप चिकट बाजू वर करून गोळा करा आणि झाकणावर दाबून फिरवा. पकड वापरावीच लागली तर भोवताली टेप लावा.

पाण्यात चालणारं घड्याळ उघडलंत तर दाब-चाचणी होईपर्यंत ते पाण्यात नेऊ नका.

स्पिरिट, खोबरेल आणि शिलाई मशीनचं तेल

धुण्यासाठी स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वस्त पडतं, पण पॅलेट फोर्क (चाकांना ठोक्याठोक्याने सोडणारा छोटा काटा) आणि बॅलन्स (हेअरस्प्रिंगसह मागेपुढे हलणारं चाक) त्यात बुडवून ठेवू नका. पॅलेटचे दोन छोटे खडे लाखेने बसवलेले असतात. फर्निचरला पॉलिश करणारे लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात, हे आपण घरी पाहिलेलं आहे. तेच तुमच्या घड्याळात होईल. या दोन भागांसाठी लायटरमध्ये भरायचं पेट्रोल बरं. खिडकी उघडी ठेवा, गॅस बंद ठेवा.

तेलात मात्र काटकसर करू नका. शिलाई मशीनचं तेल पसरतं, ज्वेलच्या, म्हणजे चाकाचा आस ज्यात फिरतो त्या खड्याच्या, वाटीत थांबत नाही. खोबरेल तर डिसेंबरच्या सकाळी बाटलीतच गोठतं. मोबियसचं 9010 जलद फिरणाऱ्या चाकांसाठी आणि 8200 मेनस्प्रिंगसाठी (चावी दिल्यावर ताणली जाते ती स्प्रिंग), या दोन बाटल्यांनी सुरुवात होते. दोन मिलीची बाटली महाग वाटते, पण एका घड्याळाला लागतं ते सुईच्या टोकावरचं. ज्वेलची वाटी अर्धी भरली की थांबा. हेअरस्प्रिंगला तेल कधीच लावायचं नाही.

सर्व्हिसिंगनंतर घड्याळ धावतं तेव्हा

दुरुस्त केलेलं घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जायला लागलं, की नवीन माणूस लगेच घड्याळाचा वेग कमी-जास्त करणारा रेग्युलेटरचा काटा हलवायला घेतो. आधी चुंबकत्व तपासा. शाळेच्या कंपासपेटीतली होकायंत्राची डबी चालते. चालू घड्याळ तिच्याजवळ न्या. सुई थरथरली किंवा वळली तर शंका घ्यायला जागा आहे. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि बॅलन्स भराभर हलतो. हे मोबाइलच्या चुंबकी कव्हरने होतं, स्पीकरने होतं, आणि बरेचदा आपल्याच हत्याराने होतं. स्क्रू ड्रायव्हरला आपोआप चिकटतो म्हणून आपल्याला सोय वाटते, तीच खूण आहे.

चुंबकत्व काढणारं, निळ्या प्लास्टिकच्या डब्यासारखं डीमॅग्नेटायझर स्वस्त मिळतं आणि ते चांगलं चालतं. चूक होते ती वापरण्यात. घड्याळ वर ठेवायचं, बटण दाबायचं, आणि बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ हळूहळू हातभर लांब न्यायचं. लांब गेल्यावरच बटण सोडायचं. जवळ असताना सोडलंत तर ते पुन्हा चुंबकी होतं. बटण चार-पाच सेकंदांहून जास्त दाबू नका, आतली कॉइल तापते. सेलच्या घड्याळावर हा प्रयोग करू नका. चिमटे आणि ड्रायव्हरही असेच साफ करून घ्या.

चुंबकत्व नसेल तर वेढ्यांवर तेल गेलंय का ते भिंगाने पाहा. तेही नसेल तरच रेग्युलेटरला हात लावा. वेळ तपासायला महागडं यंत्र आत्ताच नको. मोबाइलवरची टिकटिक ऐकणारी ॲप्स सुरुवातीला पुरतात. जनतासारख्या मशीनसाठी ताशी 18000 ठोके निवडा, सेकंदाला पाच.

उडालेली स्प्रिंग आणि आपली हवा

चावी भरलेली असताना पॅलेट फोर्क काढला तर सगळी ताकद एकदम सुटते आणि चाकांचे दात जातात. आधी क्राउन, म्हणजे चावी भरायचं बोंड, बोटांत धरा, क्लिक (चावी उलटी फिरू न देणारा खटका) मागे सारा आणि क्राउन बोटांतूनच सावकाश उलटा फिरू द्या. बारीक स्प्रिंग काढताना घड्याळ आणि हात दोन्ही पारदर्शक पिशवीत ठेवा. तरी उडालीच तर खोलीतला दिवा बंद करून टॉर्च फरशीवर आडवी ठेवा. लांब सावली पडते आणि स्प्रिंग सापडते.

ठाण्याच्या हवेत आणखी एक अडचण आहे. पंखा चालू ठेवला तर भाग उडतात, बंद केला तर बोटांना घाम येतो. घामाचा ठसा पोलादावर राहिला की गंजाचा ठिपका धरायला वेळ लागत नाही. मेडिकलमध्ये बोटांवर चढवायच्या रबरी टोप्या मिळतात, त्या वापरा. हत्यारं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा कोरडे करा.

बाबांच्या घड्याळातला एक स्क्रू इतका गंजला होता की डोकं तुटून दांडा मेन प्लेटमध्येच, म्हणजे मशीनच्या तळाच्या पितळी प्लेटमध्येच, राहिला. काकांनी तुरटी आणायला सांगितली. तुरटीचं पाणी पोलाद खातं, पितळेला धक्का लावत नाही. प्लेटवरचा पोलादाचा प्रत्येक तुकडा आधी काढावा लागतो, एकही राहिला तर तोही विरघळतो. मी वाटीभर कोमट पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी टाकली आणि प्लेट त्यात सोडली. दांड्यावरून बारीक बुडबुडे यायला लागले. पाणी गार होईल तसं वाटी पुन्हा गरम पाण्यात ठेवत गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्लेट उजेडासमोर धरली, तर भोकातून पलीकडचा दिवा दिसत होता. काकांच्या डब्यात मेलेल्या एचएमटी मशीनचा ढीग होता, त्यातून तसाच स्क्रू मिळाला, आणि या वेळी ड्रायव्हर घसरला नाही.