तीस-चाळीस माणसांच्या कारखान्यात समान वागणूक कशी बसवावी

मसाल्याचा एखादा मध्यम कारखाना घ्या. ३५ माणसं. मिरचीचे देठ खुडायला, धने-जिरं निवडायला आणि पाकिटं भरायला बाया. दळणाच्या यंत्रांवर, गाडी भरायला आणि हिशेबाला पुरुष. मालक भला माणूस आहे, कुणाला वेडंवाकडं बोलत नाही, दिवाळीला सगळ्यांच्या हातात बोनस ठेवतो. तरी दहा वर्षं राबलेली बाई ‘हेल्पर’च असते आणि दोन वर्षांपूर्वी आलेला मुलगा ‘ऑपरेटर’ झालेला असतो. हे कुणी ठरवून केलेलं नसतं. पगारपत्रक, भरतीची पद्धत, हजेरीचे नियम आणि पाण्याच्या माठाची जागा यांत ते वर्षानुवर्षं मुरत गेलेलं असतं. म्हणून सुरुवात भाषणाने किंवा भिंतीवरच्या फलकाने करू नये. खालच्या क्रमाने गेलात तर साधारण वर्षभरात हे काम मार्गी लागतं.

पायरी १ : पगारपत्रक उघडा

एक्सेलची नवी शीट घ्या किंवा सरळ मोठी वही. रकाने असे : नाव, स्त्री/पुरुष/तृतीयपंथी, कामावर लागल्याचं वर्ष, लागतानाचा पगार, आजचा पगार, शेवटची वाढ कधी आणि किती, महिन्याचा ओव्हरटाइम, कागदावरचं पद आणि रोज प्रत्यक्षात केलं जाणारं काम. शेवटचा रकाना ऑफिसात बसून भरू नका. दोन दिवस यंत्रांपाशी उभं राहून भरा.

पाकीटबंद करणाऱ्या यंत्रापाशी उभं राहिलं की लगेच कळतं. रोल संपला की नवा चढवायचा, सीलिंगचा जबडा पुरेसा तापलाय का बघायचं, तारखेचा छाप उमटतोय का तपासायचं, पाकीट अडकलं की यंत्र थांबवून ते काढायचं. हे सगळं करणाऱ्या बाईच्या नावापुढे पद असतं ‘हेल्पर’. शेजारच्या यंत्रावर हेच करणाऱ्या मुलापुढे ‘ऑपरेटर’.

आता यादी पदानुसार न लावता कामानुसार लावा. समजा, या यंत्रांवर चार बाया ५६० रुपये रोजाने आणि दोन पुरुष ६६० रुपये रोजाने आहेत. फरक १०० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर माणशी २,६००, चौघींचे १०,४००, वर्षाचे १,२४,८०० रुपये; वर पीएफ आणि ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा) मालकाचा वाटा. आकडा मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण ‘हळूहळू करू’ हा विचार आकडा समोर नसतानाच येतो.

फरकाचं कारण विचारलं की बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, ‘पुरुष पोती उचलतात.’ मग मोजा : दिवसाला किती पोती, किती किलोची, कोण उचलतं. आठ तासांतली वीस मिनिटं उचलण्याची असतील तर ‘ओझं भत्ता’ वेगळा लावा आणि जो किंवा जी उचलेल त्याला तो द्या. मूळ रोज सगळ्यांचा सारखा ठेवा. समान कामाला समान वेतन हा नियम १९७६ च्या कायद्यापासून चालत आलेला आहे आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. बरोबरी साधण्यासाठी कुणाचाही पगार कमी करता येत नाही, हेही त्यातच सांगितलेलं आहे. म्हणजे खालचा पगार वर न्यायचा, एवढीच वाट आहे. कायदा मुदतवाढ देत नाही. पैसा कमी पडत असेल तर यंत्राचा नवा सुटा भाग, ऑफिसची रंगरंगोटी असले खर्च पुढे ढकला.

इथे दोन चुका होतात. पहिली, सरसकट सरासरी काढली जाते. एका जुन्या महिला अकाउंटंटच्या पगारामुळे सगळ्या बायांची सरासरी फुगते आणि फरक दिसेनासा होतो. दुसरी, मुकादमामार्फत आलेली कंत्राटी माणसं यादीतून गळतात. सगळ्यात जास्त फरक तिथेच असतो.

जातीचा रकाना मात्र या वहीत घालू नका. वही कुणाच्याही हाती लागू शकते. जातीचा प्रश्न कामाच्या वाटपात दिसतो, तो पाचव्या पायरीत घेतला आहे.

पायरी २ : माणूस घेण्याची पद्धत बदला

‘तुमच्या ओळखीचा कुणी आहे का?’ ही लहान कारखान्यातली खरी जाहिरात. त्यातून एकाच गावची, एकाच भावकीची माणसं जमतात, आणि मग सुपरवायझरही त्यांच्यातलाच होतो. ओळखीने येणाऱ्यांना नाही म्हणायची गरज नाही, पण प्रत्येक जागेची चिठ्ठी आणखी तीन ठिकाणी लावा : जवळची आयटीआय, गावातले महिला बचत गट आणि राज्य सरकारचं महास्वयम पोर्टल. बचत गटांपर्यंत पोचायला माविमच्या, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, जिल्हा कार्यालयाचा उपयोग होतो.

चिठ्ठीत ‘होतकरू मुलगा पाहिजे’ असं लिहिलं की अर्धे उमेदवार तिथेच कटतात. काम लिहा, वेळ लिहा, पगार लिहा. पाकिटं भरायला ‘बारावी पास’ कशाला लागते, हा प्रश्न स्वतःला विचारा. वजनकाट्यावरचा आकडा वाचता येणं पुरतं.

मुलाखतीऐवजी वीस मिनिटांचं काम द्या : पाच पाकिटं वजन करून सील करणं, एक सदोष पाकीट ओळखणं. मग सगळ्यांना तेच पाच प्रश्न. प्रत्येकाने आपले गुण आपसात बोलण्याआधी कागदावर लिहायचे, नाहीतर मालक ज्याच्याकडे झुकतो त्याच्याकडे सगळेच झुकतात. ‘लग्न झालंय का’, ‘मुलं किती’, ‘मूळचे कुठले, कुणापैकी’ हे तीन प्रश्न पूर्ण बंद. तिसरा प्रश्न गप्पांच्या ओघात येतो आणि समोरच्याला तो नेमका कळतो.

पायरी ३ : वेळ, खाडा आणि बाळंतपण

महिनाभर एकही खाडा नसेल तर ५०० रुपये, ही योजना वरवर सगळ्यांना सारखी दिसते. पण मूल तापलं तर घरी कोण राहतं? दर महिन्याला दवाखान्यात जावं लागणाऱ्या दिव्यांग कामगाराचं काय? त्यांना ते पैसे कधीच मिळत नाहीत. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, तेव्हा त्यामागच्या कारणांत खाड्याच्या दंडाचंही नाव पुढे आलं. हजेरीचा नियम शरीरापर्यंत पोचतो, म्हणून तो जपून करावा. ५०० रुपये एकगठ्ठा न देता चार आठवड्यांत वाटा, आठवड्याला १२५. एक खाडा झाला तर एकच आठवडा जातो. आधी कळवून घेतलेली रजा खाड्यात धरू नका.

शिफ्टची वेळ ठरवताना गावाकडे जाणाऱ्या शेवटच्या एसटीची वेळ बघा. शिफ्ट सातला सुटत असेल आणि गाडीही सातलाच असेल तर दहा मिनिटांचा फेरबदल एखादीची नोकरी टिकवतो. ओव्हरटाइम त्याच दिवशी संध्याकाळी जाहीर केला तर तो फक्त मोकळ्या पुरुषांना मिळतो. आदल्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी फळ्यावर लिहा.

बाळंतपणाच्या खर्चाच्या भीतीने लग्नाच्या वयाच्या मुली कामावर न घेणं हा फार मोठा अन्याय आहे, आणि ती भीती बऱ्याचदा चुकीच्या हिशेबावर उभी असते. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण ईएसआयसी लागू असलेल्या कारखान्यात, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या (दिव्यांगांसाठी ही मर्यादा २५,०००) आणि वर्गणीचे आवश्यक दिवस भरलेल्या महिलेला हा लाभ महामंडळ देतं, मालक नव्हे. मालकाचा वाटा दरमहा ३.२५ टक्के, तो पुरुष कामगारांसाठीही भरावाच लागतो. लाभ अडतो तो बहुतेकदा नोंदणी उशिरा केल्यामुळे. म्हणून नवी बाई लागली की पहिल्याच दिवशी नोंदणी करा.

माणसं ५० झाली की पाळणाघर बंधनकारक होतं. शेजारच्या दोन-तीन युनिटांनी मिळून एक चालवलं तर खर्च वाटला जातो, पण ते चालत जाण्याच्या अंतरावर हवं, कारण आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याचा हक्क आहे.

पायरी ४ : जागा

रॅम्पचं माप बहुतेक ठिकाणी चुकतं. नियम १:१२ चा : एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. दारापुढे १५० मिलिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची ४५० मिलिमीटर, म्हणजे रॅम्प ५.४ मीटर लांब. रुंदी किमान १.२ मीटर, दोन्ही बाजूंना कठडा, वर वळायला दीड मीटर सपाट जागा. हातगाडीसाठी केलेला दीड मीटरचा उभा उतार दाखवून ‘आमच्याकडे रॅम्प आहे’ म्हणतात. त्यावरून व्हीलचेअर उलटते. लांबी बसत नसेल तर मधे सपाट टप्पा देऊन रॅम्प वळवा. गुळगुळीत फरशी नको, खरबरीत कोबा बरा. आणि रॅम्पच्या शेवटी उंबरठा किंवा गटाराची जाळी येत नाही ना, ते बघा. सगळा खर्च तिथे वाया जातो.

दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर ठेवा. संडासाचं दार बाहेर उघडणारं असावं, आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार अडकतं. कर्णबधिर कामगार असेल तर भोंग्याबरोबर फिरता लाल दिवा लावा.

बायांच्या संडासाला आतून लागणारी कडी, झाकणाची कचरापेटी, पाणी आणि दिवा या चार गोष्टी रोज तपासा. कडी तुटलेली असेल तर दोघी मिळून जातात, एक दार धरून उभी राहते. तिकडे सुपरवायझर ‘दोघी दोघी जाऊन टाइमपास’ अशी नोंद करतो. साठ रुपयांच्या कडीने तो वाद संपतो. पाळीच्या दिवसांत पाणी कमी पिऊन, न जाता दिवस काढणाऱ्या बाया असतात. सॅनिटरी पॅडचा डबा कुणाकडे मागावा न लागता हाती लागेल असा आतच ठेवा.

२० किंवा अधिक माणसं असतील तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या नियमांप्रमाणे समान संधी धोरण लेखी करून दर्शनी जागी लावावं लागतं आणि संपर्क अधिकारी नेमावा लागतो. इंटरनेटवरून उचललेलं धोरण चिकटवू नका. कोणत्या जागी कोण काम करू शकेल, ते आपल्या यंत्रांकडे बघून लिहा : निवडण्याच्या टेबलावर बसून काम होतं, लेबल लावायला ऐकू येण्याची गरज नाही.

पायरी ५ : पाणी, डबा आणि सण

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आजही कारखान्यात संडास साफ करणाऱ्या माणसाचा पेला वेगळा, कुणी न सांगता, खिडकीत उपडा ठेवलेला सापडतो. तो शोधा. स्टीलचे एकसारखे, खूण नसलेले पेले आणा. वेगळे सगळे काढून टाका. सफाईचं काम एका माणसावर किंवा एका वस्तीवर कायमचं लादू नका. स्वतंत्र सफाई कामगार असेल तर त्याला हातमोजे, बूट, ठरलेला पगार आणि दुसऱ्या कामावर बदली मागण्याची वाट द्या. जेवायला एकच जागा. ‘डब्यात मटण-मासे आणू नका’ असा नियम करायचा नाही; वासाची तक्रार असेल तर एक्झॉस्ट पंखा बसवा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा कामगार यंत्रामागे रेंगाळते, घटस्फोटित सुट्टी टाकते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका कारखान्याला निदान तिळगूळ आणि वाण सगळ्यांना देणं जड नाही. निमंत्रणात ‘सुवासिनी’ हा शब्द टाळा. सुट्ट्यांचंही तसंच. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या राज्य कायद्यात (कारखाना कायद्याखालच्या युनिटांना तो लागू नाही, पण नमुना म्हणून घेता येतो) आठ पगारी सुट्ट्या आहेत : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि चार परस्पर संमतीने. त्या चार प्रत्येकाला निवडू द्या. कुणाला ईद हवी असते, कुणाला १४ एप्रिल, बिहारहून आलेल्याला छठ.

पायरी ६ : तक्रार कुठे करायची

१० किंवा अधिक माणसं असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती हवीच. नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा, स्वयंसेवी संस्थेतला किंवा या विषयाचा जाणकार. मालकाच्या पत्नीला अध्यक्ष करणं ही नेहमीची चूक : ती कर्मचारी नसते आणि तिच्यापुढे मालकाच्या भावाबद्दल कुणी बोलत नाही. १० पेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं; तिचा पत्ताही फलकावर लिहा. फलक मराठीत आणि हिंदीत, आणि एक प्रत बायांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत.

घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, ९० दिवसांत चौकशी. या काळात ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून तक्रार करणारीलाच दुसऱ्या शिफ्टला टाकतात, तिचा ओव्हरटाइम जातो आणि बाकीच्या बघून गप्प होतात. बदली किंवा रजा तिने लेखी मागितली तरच. कंत्राटी आणि शिकाऊ महिलाही या कायद्यात येतात.

तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्याने तक्रार अधिकारी नेमायचा असतो. त्याच्या जोडीला हजेरीच्या हाकेत त्या व्यक्तीने सांगितलेलंच नाव घेतलं जाईल, अशी सुपरवायझरला सूचना द्या. पगाराच्या कागदावरचं जुनं नाव सगळ्यांसमोर मोठ्याने वाचल्याने माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही.

दर सहा महिन्यांनी पहिल्या पायरीची वही पुन्हा भरा आणि तिला एक रकाना जोडा : कोण सोडून गेलं, कितव्या महिन्यात, कोणत्या सुपरवायझरच्या हाताखालून. सोडून गेलेल्याला महिन्याने फोन करा. हिशेब पूर्ण होऊन पैसे हाती पडलेले असतात, त्यामुळे तेव्हा तो खरं कारण सांगतो. फोन सुपरवायझरने करायचा नाही.