सगळ्या प्रोजेक्टना एकच पॅरेंट पॉम करताय? या चुका टाळा

ऐरोली-महापे पट्ट्यात बरीच वर्षं जावाचे बिल्ड सांभाळतोय. टीम बदलते, क्लायंट बदलतो, चुका त्याच. दहा-बारा सर्व्हिसेस, प्रत्येकीचा पॉम (मेव्हन या बिल्ड टूलची सेटिंग फाइल) वेगळा, मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, "एक कॉमन पॅरेंट करून टाकू," म्हणजे सगळ्यांना सेटिंग पुरवणारा एक वरचा पॉम. विचार अगदी योग्य आहे. पुढची घाई नडते.

पॅरेंट स्नॅपशॉटवर ठेवणे

स्नॅपशॉट म्हणजे नंबर तोच राहून आतून कधीही बदलू शकणारी कच्ची आवृत्ती. पॅरेंट तशी ठेवणं ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. महाप्याच्या एका ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी एका जुन्या सर्व्हिसचा छोटा फिक्स पाठवायचा होता. कोडमध्ये एका ओळीचा बदल. बिल्ड सर्व्हरवर बिल्ड हिरवा, टेस्ट पास. क्लायंटच्या सर्व्हरवर जार (बिल्डमधून बनलेली जावाची फाइल) टाकला आणि ॲप्लिकेशन उठेचना. एरर होती 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन': क्लास फाइल ६१ ची, सर्व्हर ५२ पर्यंतच ओळखणारा. म्हणजे जार जावा १७ साठी बनलेला आणि सर्व्हर जावा ८ चा.

टीम दोन तास ती एक ओळच तपासत बसली. प्रत्येकाच्या मशीनवर मात्र जार बरोबर बनत होता. ठाण्याची शेवटची लोकल जवळ आली तेव्हा एकाने बिल्ड सर्व्हर आणि स्वतःचं मशीन अशा दोन्हीकडचा इफेक्टिव्ह पॉम (पॅरेंटसकट सगळ्या सेटिंग एकत्र करून मेव्हन दाखवतं तो) काढून शेजारी ठेवला. पॅरेंटमध्ये कंपायलरचा रिलीज, म्हणजे कोणत्या जावासाठी बनवायचं ती सेटिंग, ८ वरून १७ झालेला होता. दुसऱ्या टीमने दुपारी नव्या सर्व्हिससाठी तो बदलला होता. पॅरेंट स्नॅपशॉट, त्यामुळे रिकाम्या कॅशेने चालणाऱ्या बिल्ड सर्व्हरने तो लगेच उचलला. मेव्हन नवीन स्नॅपशॉट आला का ते आपणहून दिवसातून एकदाच बघतं, म्हणून सकाळी बिल्ड केलेल्या मशीनवर जुनाच पॅरेंट होता. टेस्ट पास झाल्या, कारण बिल्ड सर्व्हरवर जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) १७ च होता.

त्या टीमला दोष देऊन उपयोग नाही. आज टॅग केलेला कोड सहा महिन्यांनी बिल्ड केला तर तोच जार यायला हवा, आणि स्नॅपशॉट पॅरेंट असेल तर ती खात्री कुणीच देऊ शकत नाही. मी पॅरेंटला पक्का नंबर देतो, प्रत्येक प्रोजेक्ट सवडीने व्हर्जन्स प्लगइनच्या अपडेट-पॅरेंट कमांडने नव्या नंबरवर येतो. एन्फोर्सर प्लगइनचा रिक्वायर-रिलीज-डेप्स नियम लावला की स्नॅपशॉट पॅरेंट घेऊन रिलीज बिल्ड पुढेच जात नाही. "दर वेळी नंबर कोण बदलणार?" असं नवी मुलं विचारतात. नंबर बदलायला एक मिनिट लागतं, त्या शुक्रवारी सगळ्यांची रात्र गेली.

पॅरेंटमध्ये थेट डिपेंडन्सी टाकणे

पॅरेंटच्या डिपेंडन्सीज भागात लिहिलेली लायब्ररी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये घुसते, हवी असो वा नसो. तिथे फक्त डिपेंडन्सी-मॅनेजमेंट ठेवा. आवृत्ती पॅरेंट ठरवेल, लायब्ररी घ्यायची की नाही ते प्रोजेक्ट.

कॉपी-पेस्ट

डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीतली सुरक्षेची भेग उघड झाली आणि त्याच महिन्यात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा दुरुस्त्या आल्या. आवृत्ती एका जागी ठेवणाऱ्यांना दर वेळी एक ओळ बदलून प्रोजेक्ट नव्या पॅरेंटवर न्यायचे होते. पॉम कॉपी करणाऱ्यांना दर वेळी प्रत्येक फाइल उघडून शोधावं लागलं, आणि एखादी सुटतेच.

पॅरेंट वेगळ्या रिपॉझिटरीत असेल तर रिलेटिव्ह-पाथ (पॅरेंट कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते सांगणारा टॅग) रिकामा लिहा, नाहीतर मेव्हन आधी वरच्या फोल्डरचा पॉम बघतं. पासवर्ड पॅरेंटमध्ये कधीही नाही, ते सेटिंग्ज फाइलमध्ये.

मेव्हनऐवजी ग्रेडल हे बिल्ड टूल वापरत असाल तर मूळ फाइलमधल्या सबप्रोजेक्ट्स ब्लॉकमध्ये सगळं कोंबू नका. कोणती सेटिंग कुठून आली ते मॉड्यूलची फाइल वाचून कळत नाही. कन्व्हेन्शन प्लगइन (सामाईक सेटिंगचा स्वतःचा प्लगइन) लिहा, आवृत्त्या व्हर्जन कॅटलॉगमध्ये ठेवा. असा प्लगइन बिल्डसोर्स फोल्डरमध्ये ठेवला तर तो त्या एकाच बिल्डपुरता चालतो. अनेक रिपॉझिटरींना हवं असेल तर प्लगइन नंबर देऊन पब्लिश करावा लागतो.

बिल्ड अनपेक्षित वागला तर कोड उघडण्याआधी मी इफेक्टिव्ह पॉम काढतो आणि मागच्या चांगल्या बिल्डच्या पॉमशी डिफ करतो. म्हणून तो दर रिलीजच्या जारसोबत जपून ठेवतो.