वहीत माझं काहीच नव्हतं

बायबल वाचनाची माझी वही भरत होती, पण त्यात सगळे पाळकांच्या प्रवचनातले मुद्दे. माझं स्वतःचं एक वाक्य नव्हतं. आई आजारी होती त्या दिवसांत स्तोत्र 13 उघडलं. सहाच वचनं. पहिली दोन हातानं उतरवताना पेन थबकलं: 'कोठवर' हा शब्द चार वेळा येतो! नुसतं वाचताना कधी जाणवलंच नव्हतं. त्याखाली रेघ मारली आणि लिहिलं, 'प्रभू, आईला रात्रभर झोप नाही. कोठवर?'

तेव्हापासून अर्थ, संदर्भ डाव्या पानावर. उजवं पान फक्त माझं, थेट देवाशी बोलल्यासारखं. रोज एकच अडलेला शब्द. तारीख मात्र घालतेच. पाचव्या वचनातला 'भरवसा' माझ्या पानावर यायला तीन आठवडे लागले.