गाडी ओढत नाही? कॅट बदलण्याआधी बॅकप्रेशर मोजा

आयडलला इंजिन शांत चालतं, पण चढावर पाय पूर्ण दाबला तरी गाडी जागची हलायला तयार नाही. एअर फिल्टर, प्लग आणि पेट्रोलचं प्रेशर ठीक असेल, तर एक्झॉस्ट चोंदल्याची शंका घ्यावी. मात्र शंकेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा) बदलू नये. तो महाग असतो, आणि मोजायला अर्धा-पाऊण तास पुरतो.

वाट चोंदली की एक्झॉस्टमध्ये उलटा दाब, म्हणजे बॅकप्रेशर, वाढतो आणि पिस्टनला जळालेला वायू ढकलायला जास्त जोर लावावा लागतो. शिवाय सगळा वायू बाहेर जात नाही. सिलिंडरमध्ये उरतो आणि ताज्या हवेची जागा अडवतो. आरपीएम वाढले की वायूही वाढतो, म्हणून आयडलला काहीच जाणवत नाही आणि तीन हजारांच्या पुढे दम संपतो. हवेचा अंदाज मॅप सेन्सरवरून (मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब मोजणारा) घेणाऱ्या गाड्यांत आणखी एक घोळ होतो. मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमी झालेला पाहून ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं की हवा जास्त आली, आणि तो पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज पडतं ते यामुळेही.

सामान: ० ते १० पीएसआयचा गेज (टायरचा गेज नको, त्यावर २ पीएसआय धड वाचताच येत नाही), एम१८×१.५ आट्यांचा अडॅप्टर, मीटरभर तांब्याची नळी, वायरसाठी खाच असलेला २२ मिमीचा सॉकेट. रबरी नळी थेट अडॅप्टरला जोडली तर वितळते.

१. गाडी मोकळ्या जागेत लावा. बंद शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.
२. इंजिन कोमट असताना कॅटच्या आधीच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आट्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल टाका, दहा मिनिटं थांबा, मग सेन्सर काढा. गंजलेला सेन्सर जोर लावून फिरवला तर आटेच सोबत येतात.
३. अडॅप्टर बसवा, गेज गरम पाइपापासून लांब धरा, इंजिन पूर्ण तापू द्या.
४. आयडलला वाचा, मग २,५०० आरपीएम अर्धा मिनिट स्थिर ठेवून वाचा.

साध्या पेट्रोल गाडीत आयडलला दीड पीएसआयच्या आत आणि २,५०० ला तीनच्या आत काटा राहिला तर एक्झॉस्टला दोष देऊ नका. तीनच्या वर गेला आणि रेस धरून ठेवल्यावर हळूहळू चढत राहिला, तर वाट चोंदलेली आहे. कॅटच्या आधी गळती असेल तर आकडा खोटा कमी येतो. जोडाजवळ काळी काजळी दिसते का ते आधी बघा.

आता अडथळा कुठे आहे? हेच मोजमाप कॅटच्या मागच्या सेन्सरच्या जागी करा. पुढे जास्त आणि मागे जवळपास शून्य, तर दोषी कॅट. दोन्हीकडे जास्त, तर सायलेन्सर: आतली जाळीची नळी गंजून कोसळते किंवा पत्रा सुटून तोंडाशी अडकतो. थंड सायलेन्सर रबरी हातोडीने ठोकला तर बहुधा खडखड ऐकू येते.

सेन्सर निघतच नसेल तर मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम मोजणारा गेज वापरा. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. पुण्यात उंचीमुळे सुमारे दोन इंच कमी धरा. २,५०० वर काटा स्थिर राहण्याऐवजी घसरत गेला, तर अर्थ तोच.

सेन्सर परत लावताना आट्यांना थोडं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, सेन्सरच्या टोकाला लागू देऊ नका. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, सहसा ४० न्यूटन-मीटरच्या आसपास. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर कोड पुसा.

नवा कॅट बसवण्याआधी जुना का मेला ते शोधा. मिसफायरमुळे (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्यामुळे) न जळालेलं पेट्रोल कॅटमध्ये पेटतं आणि आतली सिरॅमिक जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल तर तिच्यावर थर बसतो. मिसफायर करणारी खराब इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) तशीच ठेवली तर नवा कॅटही त्याच वाटेने जातो.

जाळी फोडून ‘मोकळा’ कॅट बसवून देणारेही भेटतात. कायद्याला ते चालत नाही, मागचा सेन्सर चुगली करतो, आणि पीयूसीला गाडी अडकते. ‘थोडं बॅकप्रेशर असलं की टॉर्क मिळतो’ हा युक्तिवादही अर्धवट आहे. फार जाड पाइप लावला की खालच्या आरपीएमला वायूचा वेग मंदावतो, पुढच्या स्ट्रोकला मिळणारी ओढ जाते आणि टॉर्क पडतो. पडतो तो वेगामुळे. दाब कमी झाला म्हणून नव्हे.